गावच्या विहारात ध्यान सुरू करायचं आहे, पण जुने लोक नको म्हणतात. काय करावं?

जय भीम, भाऊ.

बाकी वाचणाऱ्यांसाठी तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. यवतमाळ जिल्ह्यातलं कापूस-सोयाबीनचं गाव, बौद्धांची साठेक घरं, मधोमध विहार. दर वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो, पण ऐकायला फक्त सात-आठ म्हाताऱ्या बाया आणि दोन-तीन बुढे. वाचणारा माणूस कधीकधी दारू पिऊन येतो, हे सगळ्यांना माहीत आणि बोलत कोणीच नाही. तू नागपूरला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आलास आणि विहारात रोज तासभर ध्यान ठेवू म्हणालास. समितीतल्या जुन्यांनी उडवून लावलं: 'हे बाबासाहेबांच्या धम्मात नाही, बुवाबाजी आहे.' त्यात समितीला यंदा मोठी मूर्ती आणायची आहे. तू विचारतोस, 'काकाजी, ध्यान करायचं की ग्रंथ वाचायचा? आणि या लोकांना समजवायचं कसं?'

वर्धा-यवतमाळच्या शिवेवरच्या गावांत मी तीसेक वर्षं वंदना, ग्रंथवाचन आणि छोटी शिबिरं घेत आलोय. त्यावरून सांगतो: ध्यान सुरू कर, पण ग्रंथाच्या जागी नको, तासभर नको आणि तुझ्या शिबिराच्या नावाने तर नकोच.

जुन्यांची भीती उगीच नाही, हे आधी समजून घे. बाबासाहेबांनी ग्रंथाच्या प्रस्तावनेत चार प्रश्न मांडलेत. त्यातला शेवटचा भिक्खूबद्दलचा आहे: भिक्खू हा स्वतःपुरता परिपूर्ण माणूस व्हायचा आहे, की लोकांचा सेवक? नुसता स्वतःला घडवत बसणारा भिक्खू धम्माच्या प्रसाराला कामाचा नाही, असा त्यांचा रोख आहे. आपल्या बुढ्यांनी हे बरोबर उचललं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला आणि १६ ला चांद्याला (चंद्रपूरला) धम्मदीक्षा घ्यायला जी माणसं गेली, त्यांची ही मुलं-नातवंडं. माणसासारखं जगता यावं म्हणून ती गेली होती, डोळे मिटायला नाही. तेव्हा 'तुम्हाला ध्यान कळत नाही' अशा सुरात एक वाक्य जरी बोललास, तरी ती दारं बंद झाली समज.

पण त्याच लोकांच्या तोंडी दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा आहेत. अकरावी काय सांगते? बुद्धाच्या अष्टांग मार्गाने चालीन. त्या आठांत सातवी सम्यक स्मृती, म्हणजे सावध जागरूकता, आणि आठवी सम्यक समाधी, म्हणजे मनाची योग्य एकाग्रता. अकरावी प्रतिज्ञा घ्यायची आणि मार्गाची शेवटची दोन अंगं सोडून द्यायची, हे जमत नाही. आणि बाबासाहेबांनी ती सोडलेली नाहीत. ग्रंथात पहिल्या प्रवचनाच्या भागात अष्टांग मार्ग येतो, तिथे ते नुसती समाधी आणि सम्यक समाधी यांत फरक करतात. नुसत्या समाधीत मनाचे अडथळे तेवढ्यापुरते दबतात. सम्यक समाधी मनाला कायमचं वळण लावते, कुशल कर्माचा विचार करायची सवय लावते. हा उतारा समितीच्या बैठकीत तू वाचू नकोस. जो सगळ्यात जास्त विरोध करतो, त्याच्याच हातात ग्रंथ दे आणि त्याला मोठ्याने वाचायला सांग.

एक गोष्ट तुझ्या बाजूनेही सांभाळ. शिबिरात पूर्वसंचित, मागच्या जन्मीचे संस्कार अशी भाषा कानावर आली असेल. तंत्र घे, पण ती भाषा विहारात आणू नकोस. ज्यांच्या आज्याला विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, त्यांना 'हे तुमच्या मागल्या कर्माचं फळ' असं कोणी सुचवलं तरी त्यांनी उठून जावं, असंच माझं मत आहे. बुद्धानेही ते मान्य केलेलं नाही. संयुत्त निकाय या पाली ग्रंथात मोळियसीवक नावाचा परिव्राजक (भटका साधू) विचारतो, माणूस जे जे भोगतो ते सगळं पूर्वकर्मानेच का? भगवान म्हणतात, नाही; पित्तानं होतं, कफानं होतं, ऋतू बदलल्यानं होतं, दुसऱ्याच्या माऱ्यानं होतं, हे तर उघड दिसतं. हे सुत्त, म्हणजे भगवंतांचा हा उपदेश, पाठ करून ठेव, कामी येईल.

आता प्रत्यक्ष. तासभराचं खूळ सोड. आषाढी पौर्णिमेला वर्षावास लागतो तेव्हा वावरात निंदण-डवरण जोरात असतं. दिवसभर वाकून निंदलेली बाई घरी येऊन चूल पेटवते, लेकरांना जेवू घालते आणि आठ वाजता विहारात येते. तिला 'डोळे मिटा' म्हटलं की ती दुसऱ्या मिनिटाला झोपते, आणि झोपावंच तिनं. म्हणून क्रम असा ठेव: त्रिशरण-पंचशील, बुद्धपूजा, वंदना, मग लगेच दहा मिनिटं बसणं, मग वाचन. वंदनेत आवाज लागलेला असतो, अंग सावध असतं, म्हणून ते बसणं त्याच्या पाठीलाच हवं. वाचनानंतर ठेवलंस तर निम्मी माणसं चप्पल शोधत असतात.

बसायला सतरंजी, आणि ज्यांचे गुडघे गेले त्यांना खुर्ची. खुर्चीत बसलेल्याचं ध्यान कमी प्रतीचं नसतं, हे पहिल्याच दिवशी सांगून टाक. मोबाईलवरचं बासरी-संगीत लावू नकोस. लाईन गेली तर जाऊ दे, मेणबत्ती पुरते. डास असतात, आधी कडुनिंबाचा धूर कर, सहनशीलतेची परीक्षा घेऊ नकोस.

सूचना पाच वाक्यांच्या वर नको. श्वास येतो तो येऊ द्या, जातो तो जाऊ द्या. दर सुटलेल्या श्वासाला मनात एक आकडा, एक ते दहा, मग पुन्हा एक. आकडा चुकला, मन फवारणीच्या औषधाकडे किंवा सोसायटीच्या हप्त्याकडे गेलं, तर रागावू नका, एकपासून धरा. बस. आनापानसतीचं, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याचं, सुत्त मज्झिम निकायात आहे, त्यात सोळा पायऱ्या आहेत. तू स्वतः वाच, विहारात पहिल्या वर्षी पहिल्या दोन-तीनच पुरेत. प्रकाश दिसला, अंग हललं, असं कोणी सांगायला लागलं तर 'बरं' म्हणून पुढचं वाचन सुरू कर. त्याचं कौतुक झालं की पुढच्या आठवड्यात चौघांना प्रकाश दिसतो. आमच्याकडे एका गावात यातूनच एक बाबा उभा राहिला असता. बायांनी वेळीच हसून घालवला.

श्वासावर महिनाभर बसले की मेत्ता भावना, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं, घे. तिचा क्रम ठरलेला आहे: आधी स्वतः, मग आवडतं माणूस, मग ज्याच्याशी घेणं ना देणं असं कोणी, मग ज्याच्याशी वैर आहे तो, आणि मग सगळे. गावात चौथा माणूस शोधावा लागत नाही, धुऱ्याला (शेताच्या बांधाला) धुरा लागून असतो. पण पहिल्याच दिवशी धुऱ्याचं भांडण मनात घ्यायला लावू नकोस. ज्याच्यावर कोर्टात केस आहे त्याला मेत्ता द्यायला सांगितली तर माणूस दहा मिनिटं केसच लढतो. आधी छोटं वैर घ्यायला सांग: बसमध्ये जागा न देणारा, उसनं नेलेलं परत न करणारा. आणि मेत्ता म्हणजे हक्क सोडणं नव्हे, हेही स्पष्ट सांग. अ‍ॅट्रॉसिटीची तक्रार मागे घ्यायला कोणी मेत्तेचं नाव पुढे करत असेल, तर त्याला तिथल्या तिथे थांबव.

काही माणसांना हे बसणं देऊ नकोस. घरात नुकतीच आत्महत्या झाली आहे, माणूस दिवसेंदिवस बोलत नाही, झोपत नाही, किंवा त्याला आवाज ऐकू येतात. अशाला दहा दिवसांच्या शिबिराला पाठवणं धोक्याचं आहे. आपल्या भागात हे प्रसंग कमी नाहीत, तुला सांगायला नको. आशाताईला सांग, जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराकडे घेऊन जा. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा नंबर विहाराच्या भिंतीवर रंगवून घे. त्याच्या घरी रोज संध्याकाळी कोणीतरी जाऊन बसावं. ध्यान नको, नुसतं बसावं, चहा घ्यावा. महावग्ग या भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात गोष्ट आहे: एक भिक्खू हगवणीने आपल्याच घाणीत पडलेला, कोणी बघत नव्हतं. भगवंतांनी आणि त्यांचा शिष्य आनंद याने त्याला धुतलं, उचलून खाटेवर ठेवलं आणि मग बाकीच्यांना सांगितलं की ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. तुझ्या समितीला ध्यानाआधी ही गोष्ट पटेल, आणि ती पटली की ध्यानाचं निम्मं काम झालं.

ग्रंथवाचनाचं आता. लोक येत नाहीत याचं कारण ध्यान नसणं हे नाही. आपण ग्रंथाचं पारायण करून टाकलंय. आठ खंड तीन महिन्यांत संपवायचे म्हणून वाचणारा रोज पानांमागून पानं धावत सुटतो, ऐकणारा हार घालून पाया पडतो, समारोपाला खीर होते. ज्या पुस्तकाने पोथीपुराण सोडायला सांगितलं त्याचीच पोथी केली. माझं ऐकशील तर यंदा ग्रंथ संपवू नका. रोज दोन पानं. वाचणारा रोज वेगळा. वाचून झालं की एक प्रश्न, आणि उत्तर द्यायचा पहिला मान ज्याला वाचता येत नाही त्याला.

सुरुवात रोहिणी नदीच्या पाण्यापासून कर. शाक्य आणि कोलिय पाण्यावरून भांडले, सिद्धार्थ युद्धाच्या विरोधात उभा राहिला आणि त्यातून त्याला घर सोडावं लागलं, असं बाबासाहेब सांगतात. म्हातारा, रोगी, प्रेत पाहून वैराग्य आलं ही गोष्ट त्यांना पटत नव्हती, हे प्रस्तावनेत आहे. आपल्याकडे कालव्याच्या पाण्यावरून डोकी फुटतात, त्यामुळे हा भाग लोक कान देऊन ऐकतात. मग तिसऱ्या खंडातलं 'धम्म म्हणजे काय, अधम्म म्हणजे काय'. तिथे रेंगाळा, पोळ्यापर्यंत तेच चालू द्या. बाकी खंड हिवाळ्यात रविवारी.

ग्रंथाच्या जोडीला गृहस्थांची सुत्तं घे, कारण तरुण मुलं त्याला थांबतात. अंगुत्तर निकायात दीघजाणु नावाचा कोलिय येतो आणि सरळ म्हणतो, आम्ही बायकापोरांची माणसं, चंदन लावतो, पैसा-अडका हाताळतो, आम्हाला आमच्या कामाचं सांगा. भगवान त्याला चार गोष्टी सांगतात. हातातल्या कामात, शेती असो की व्यापार, हुशारी आणि उद्योग. मिळवलेलं सांभाळणं. गावातल्या शीलवान माणसांची सोबत. आणि जमेपेक्षा खर्च वर जाणार नाही असं बेताचं जगणं. मग पैसा गळायची चार भोकं दाखवतात: बाहेरख्यालीपणा, दारू, जुगार, वाईट संगत. हे सुत्त मृगात, पेरणीच्या आधी वाच. कृषी केंद्राची उधारी, बचत गटाचा हप्ता, लग्नातला डीजे, हे सगळं आपोआप निघतं. वर्षभरात एवढी जिवंत चर्चा मी दुसऱ्या कशावर पाहिली नाही. सिगालोवाद सुत्तही घे, पण ते लांब आहे; दोन संध्याकाळी लागतील.

आणि सुत्तनिपातातला शेतकरी ब्राह्मण कसिभारद्वाज. पेरणीचे दिवस, एकनाळा गाव, भारद्वाजाचे पाचशे नांगर चाललेले. भगवान भिक्षेला उभे. तो म्हणतो, 'मी नांगरतो, पेरतो, मग खातो. तूही नांगर, पेर आणि खा.' भगवान म्हणतात, मीही नांगरतो, पेरतो. 'सद्धा बीजं तपो वुट्ठि, पञ्ञा मे युगनंगलं'. श्रद्धा बी, तप पाऊस, प्रज्ञा जू आणि नांगर, वाईटाची लाज ही दांडी, मन हे जोतं, आणि स्मृती हाच फाळ, हीच तुतारी, म्हणजे बैल हाकायची टोकदार काठी. सम्यक स्मृतीवर मी तासभर बोललो असतो तरी जे झालं नसतं, ते या चार ओळींनी होतं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने ऐकून एवढंच विचारलं की 'मग तण कोणतं?' त्या रात्री दहा वाजले विहार बंद व्हायला.

दारूचं तू घाबरत लिहिलंस, पण ते सगळ्यात अवघड आहे आणि तिथे घाई चालत नाही. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. बंदी असलेल्या गावांतही मोहाची मिळते, हे सगळे जाणतात. दारू न पिण्याचं पाचवं शील आणि सतरावी प्रतिज्ञा म्हणणाऱ्याच्याच तोंडाला वास येत असेल तर लेकरं काय शिकतात? म्हणून एक नियम समितीकडून करून घे: घेऊन आलेल्याला विहारात बसता येईल, पण त्या दिवशी माईक आणि ग्रंथ त्याच्या हातात नाही. नाव घ्यायचं नाही, भाषण द्यायचं नाही, वाचनाची पाळी शांतपणे दुसऱ्याकडे. हाकलू नकोस. हाकललेला माणूस मोहाच्या भट्टीवर जातो आणि तिथे त्याला कोणी हाकलत नाही.

'आयुष्यभर सोडतो' असं कोणाकडून वदवून घेऊ नकोस, ते पोळ्याच्या करीलाच मोडतं. वर्षावासापुरता संकल्प घे, आषाढी ते आश्विनी पौर्णिमा, आणि तो बायकोसमोर, विहारात. तोही जड जात असेल तर पौर्णिमेपुरतं अष्टशील. मात्र जो रोज सकाळपासून पितो, त्याला एकदम सोडायला लावू नकोस. हात थरथरतात, फिट येते, जीव जाऊ शकतो. त्याला आधी डॉक्टर, मग शील.

समितीला समजवायचं कसं, हे तू विचारलंस. मला वाटतं समजवू नकोस, चालवायला दे. तुझ्या विहारात रोज येणाऱ्या त्या सात-आठ बायांनाच तू 'फक्त' म्हणतोस, ते मला खटकलं. त्या महामंगलसुत्त, करणीयमेत्तसुत्त तोंडपाठ म्हणतात, तुला पुस्तक लागतं. वंदना त्यांना घेऊ दे, ध्यानाची घंटा त्यांना वाजवू दे. बायांनी धरलेलं काम समितीला मोडता येत नाही, हा माझा अनुभव. तरुणांसाठी विहाराच्या मागच्या खोलीत अभ्यासिका कर: पंखा, दिवा, दोन बाक, पोलीस भरती आणि तलाठ्याची पुस्तकं. पोरं अभ्यासाला येतील. रात्री आठला वंदना सुरू झाली की पुस्तक मिटून बाहेर सतरंजीवर यायचं, एवढीच अट.

संयुत्तातच आहे, आनंद म्हणतो, 'कल्याणमित्र असणं म्हणजे निम्मं ब्रह्मचर्य, म्हणजे निम्मं धम्मजीवन, झालं.' भगवान त्याला अडवतात: असं म्हणू नकोस, ते सगळंच आहे. तू दहा दिवस मौनात बसून आलास, चांगलं केलंस. आता गावात ते टिकवायचं तर साठ घरांतल्या माणसांसोबतच टिकेल, एकट्याने आठ महिन्यांत सुटतं. तिथे कोणी भारतीय बौद्ध महासभेचं, कोणी त्रैलोक्य बौद्ध महासंघाचं, कोणी विपश्यनेच्या गोयंकाजींचं, कोणी या गटाचं, कोणी त्या पक्षाचं. वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहाराच्या माईकवर पक्षाचं नाव नाही, एवढं ठरवून घ्या, बाकी मतभेद असू द्या. महापरिनिब्बान सुत्तात मगधाचा राजा अजातशत्रू याचा मंत्री वज्जींच्या गणराज्याला जिंकता येईल का हे विचारायला येतो, तेव्हा भगवान आनंदाला पहिला प्रश्न विचारतात तो असा: वज्जी वारंवार एकत्र जमतात का? दुसरा: एकदिलाने बसतात, एकदिलाने उठतात का? आपल्या समित्या भांडायलाच जमतात आणि उठतात तेव्हा दोन झालेल्या असतात. हिशोब दर महिन्याला खडूने फळ्यावर लिहा. निम्मी भांडणं तिथेच संपतात.

आश्विनी पौर्णिमेची एक रीत आपण विसरलो, ती परत आण. पवारणा. वर्षावास संपताना भिक्खू एकमेकांसमोर बसून म्हणतात, माझं काही पाहिलं, ऐकलं, शंका आली असेल तर दया करून सांगा. थोरातला थोर भिक्खूही म्हणतो. तुमच्या अध्यक्षाने हात जोडून लोकांसमोर एवढं म्हटलं तर? पहिल्या वर्षी लोक गप्प बसतील. दुसऱ्या वर्षी एखादी बुढी बोलेल. अध्यक्ष तयार नसेल तर तू म्हण, तुझ्यावर कोणाचा रोष आहे ते तरी कळेल.

आश्विनीच्या आधीचे पंधरा दिवस सोयाबीनच्या सवंगणीचे, म्हणजे कापणीचे, असतात. रात्री गंजी झाकायला माणसं वावरात जातात, विहार ओस पडतो. तेव्हा निराश होऊन बंद करू नका आणि कोणाला टोमणेही मारू नका. दोघं असतील तर दोघं वंदना करा, दहा मिनिटं बसा, कुलूप लावा. कापसाचा पहिला वेचा आला की एखाद्या रविवारी बंडी-ट्रॅक्टर न करता एसटीनेच भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला किंवा भद्रावतीच्या विजासन लेण्यांना जाऊन या. पवनीला १९६९-७० च्या उत्खननात जुने स्तूप निघाले. आपल्या मातीत दोन हजार वर्षांपूर्वी हे होतं, हे लेकरांनी स्वतःच्या पायाने पाहावं. तिथेही दहा मिनिटं बसा.

राहिली मूर्ती. आहे ती बरी आहे. १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी धम्माच्या कामासाठी मिळकतीचा विसावा हिस्सा मागितला होता. तो जमतच असेल तर आधी विहाराचं गळकं छत, बायांसाठी संडास आणि अभ्यासिकेचं इन्व्हर्टर करा. मोठी मूर्ती आणायचीच असं समितीने ठरवलं असेल, तर तिच्याविरुद्ध भांडू नकोस. फक्त वर्गणीच्या पावतीपुस्तकाच्या प्रत्येक पानाची नक्कल महिला मंडळाकडे राहील, एवढं ठरावात लिहून घे.